क्लिनिकमध्ये दात पांढरे करून घ्यायचेत? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

डायरेक्ट मुद्द्यावर येते. क्लिनिकमध्ये होणारं टीथ व्हाइटनिंग काम करतं का, तर हो करतं, आणि घरी करायच्या कुठल्याही पावडरी-पेस्टपेक्षा लवकर करतं. पण सगळ्यांच्या दातांवर सारखं करत नाही, आणि आपल्याकडं जेवढे लोक "व्हाइटनिंग करायचंय" म्हणून येतात त्यातल्या बऱ्याच जणांना मुळात व्हाइटनिंग लागतच नाही, नुसतं दात साफ करून काम भागतं. काहींना उलट नुसत्या व्हाइटनिंगनं भागत नाही, त्यांना दुसरंच काहीतरी लागतं. मी लातूरला एका डेंटल क्लिनिकात असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं औषध-गोळी सांगणार नाही, पण खुर्चीच्या बाजूला उभं राहून जे रोज दिसतं आणि लोक जे रोज विचारायलेत ते क्रमानं सांगते.

सगळ्यात आधी: तुमचा डाग कुठला ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग "पैसे गेले, काही फरक पडला नाही" म्हणतात. डाग दोन जातीचे. एक दाताच्या वर बसलेला, दुसरा दाताच्या आत मुरलेला.

वरचा डाग म्हणजे चहा, कॉफी, तंबाखू, गुटखा, पान, सिगारेट, मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्या खुर्चीत बसणाऱ्यांची तोंडं बघितली तर ती बंदी कुठं आहे असा प्रश्न पडतो, असो. गावाकडच्या मावश्या-आज्ज्यांच्या दातांवर मिश्रीचा काळा थर असतो, हिरडीच्या कडेनं तर एकदम गडद. हा थर आणि त्याच्या जोडीला कडक झालेलं कीट, हे व्हाइटनिंगचं जेल लावून जात नाही, ते मशीननं काढावं लागतं. त्याला स्केलिंग म्हणतात, नंतर पॉलिशिंग. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि त्यानंतर आरशात बघून कितीतरी जण म्हणतात की बास, एवढंच पाहिजे होतं. हजार-दोन हजारात किंवा त्याच्याही आत सुटले.

आता आतला डाग. इथं जरा थांबून वाचा, कारण आपल्या भागाचा खरा विषय हा आहे.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन, ते मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं आणि आतलं डेंटिन जास्त गडद होतं, म्हणून चाळिशी-पन्नाशीत दात पिवळे दिसतात, त्यात तुमचा ब्रश करण्यात काही दोष नसतो. आतल्या डागाचा हा पहिला प्रकार, वयाचा पिवळेपणा, तो व्हाइटनिंगला सगळ्यात छान दाद देतो. पिवळा आणि फिका तपकिरी रंग लवकर उतरतो, करडा-निळसर रंग लई हट्टी, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा अंदाज घरीच येतो.

दुसरा प्रकार फ्लोरोसिसचा. लहानपणी, साधारण आठ वर्षांपर्यंत, पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, त्या काळात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की इनॅमल नीट बनत नाही. मग दातांवर पांढरे ढगाळ ठिपके, आडव्या रेघा, जास्त झालं तर तपकिरी पट्टे येतात. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत, असं आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आहे. आणि आपल्याकडं? पाऊस नाही की बोअर खोल, तो आटला की अजून खोल. नांदेड, बीड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघतं, तिथली पोरं समोरच्या दातांवरून ओळखू येतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मिळेल ते पाणी प्यायलं लोकांनी, बोअर कितीचा आणि त्यात काय आहे हे विचारायची सोय होती का कुणाला.

फ्लोरोसिसच्या दातांचं असं असतं की व्हाइटनिंगनं आजूबाजूचा दात उजळतो आणि फिके तपकिरी पट्टेही बऱ्यापैकी हलके होतात, पण पांढरे ठिपके जात नाहीत, उलट पहिले काही दिवस जास्तच उठून दिसतात. एक कॉलेजची मुलगी तोंडावर ओढणी धरून बोलायची, तिच्या वरच्या समोरच्या दोन दातांवर बरोब्बर एका लेव्हलला तपकिरी पट्टा होता. तिला डॉक्टरांनी आधी मायक्रोॲब्रेजन केलं, म्हणजे इनॅमलचा अगदी वरचा पातळ थर ॲसिड आणि बारीक पावडरच्या पेस्टनं घासून काढला, आणि मग व्हाइटनिंग. नुसतं जेल लावलं असतं तर पट्टा फिका झाला असता पण राहिला असता. ठिपक्यांसाठी त्यात रेझिन भरून ते झाकायची पण एक पद्धत आहे, ती सगळीकडं मिळत नाही, विचारून बघा.

तिसरा, टेट्रासायक्लिनचा डाग. लहानपणी ही अँटिबायोटिक दिली गेली असली किंवा आई गरोदर असताना तिला दिली असली तर दातांवर करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या येतात. हे एका सिटिंगचं काम नाही, याला घरी दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये जेल घालून (ती पद्धत पुढं सांगते) महिनोन् महिने करावं लागतं आणि तरीही पूर्ण जाईल असं कोणी लिहून देणार नाही. जो देईल त्याच्याकडं जाऊ नका.

चौथा, एकच दात काळपट. लहानपणी पडला, गाडीवरून आपटला, किंवा रूट कॅनल झालेली. आजूबाजूचे दात चांगले आणि मधला एकच करडा. त्या दाताला बाहेरून जेल लावून फार काही होत नाही, त्याच्या आत औषध भरून वरून बंद करतात, काही दिवसांनी बदलतात, असं करत करत आतून रंग उतरवतात. खर्चही कमी येतो, कारण सगळ्या दातांचं करायचंच नसतं. पण दाताची नस मेली आहे का हे आधी तपासून, एक्स-रे काढून बघावं लागतं.

घरी बघायचं असेल तर दिवसाउजेडी, दारात उभं राहून, फ्लॅश बंद करून फोटो काढा. डाग हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत जास्त असेल तर बहुतेक वरचा. सगळे दात एकसारखे पिवळे असतील तर आतला. पट्टे-ठिपके असतील तर फ्लोरोसिस किंवा टेट्रासायक्लिन. एकच दात वेगळा असेल तर नसेचा प्रश्न.

कुणाकडं करायचं

डेंटिस्टकडंच. हे सांगायची वेळ येऊ नये पण आता ब्युटी पार्लरमध्ये, मॉलच्या स्टॉलवर, एक्झिबिशनमध्ये निळा लाइट लावून करून देतात. तिथं तुमच्या दातात कीड आहे का, जुनं सिमेंट निघालंय का, हिरडी सुजलीय का हे बघणारं कोणी नसतं, आणि किडीच्या भोकातून ते जेल थेट नसेपर्यंत गेलं की रात्रभर ठणका. युरोपात २०१२ पासून असा नियमच आहे की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड (जेलमधलं रंग उतरवणारं रसायन) असलेली व्हाइटनिंगची वस्तू डेंटिस्टमार्फतच द्यायची आणि अठराच्या खालच्या पोरांना द्यायचीच नाही. आपल्याकडं क्लिनिकात वापरतात ते जेल त्याच्या कितीतरी पट कडक असतं, मग विचार करा.

डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर असतो, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा. बघायला लाजू नका. आणि फोनवर "किती घेता" एवढंच विचारून ठेवू नका, हे विचारा: आधी तपासणी करता ना, जेल किती टक्क्यांचं आहे, किती सिटिंग धरल्यात, साफसफाई त्यात धरलीय का वेगळी, आणि सेन्सिटिव्हिटी झाली, म्हणजे दात शिवशिवायला लागले, तर काय देता. ज्यांना बजेट कमी आहे किंवा दुसरं मत पाहिजे त्यांनी छत्रपती संभाजीनगरला घाटी म्हणजे सरकारी दवाखान्याच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय बघावं, किमान तपासणी आणि साफसफाई तरी तिथं होते. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं.

कुणी करू नये तेही इथंच सांगते: गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, अठराच्या आतली पोरं, पेरॉक्साइडची ॲलर्जी असणारे, आणि ज्यांचे दात आधीच गार पाण्यानं शिवशिवतात असे लोक (त्यांनी आधी त्याचं कारण शोधून उपचार घ्यावा, नंतर बघता येतं).

आधीची तयारी

तपासणीत कीड निघाली तर आधी ती भरून घ्यायची. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी हिरडी नीट. स्केलिंग केल्यावर लगेच त्याच दिवशी व्हाइटनिंग करायची घाई करू नका, हिरडीला बरी व्हायला एक-दोन आठवडे द्या, ओल्या जखमेवर पेरॉक्साइड लागलं तर झोंबतं.

दात नाजूक असतील तर सेन्सिटिव्हिटीची पेस्ट, पोटॅशियम नायट्रेटवाली, साधारण दोन आठवडे आधीपासून वापरायला सांगतात. साधी गोष्ट आहे पण फरक पडतो.

लग्नाचं गणित करणाऱ्यांसाठी: हळदीच्या आदल्या दिवशी येऊ नका. साफसफाई, मग गॅप, मग पहिली सिटिंग, लागली तर आठवड्यानं दुसरी, मग रंग स्थिर व्हायला एक-दोन आठवडे, असं सगळं धरलं तर दीड महिना आधी सुरुवात केलेली बरी. नवरदेवांना हे पटत नाही, ते साखरपुडा झाल्यावर पण निवांत असतात आणि पत्रिका वाटून झाल्या की पळत येतात.

आणि एक, समोरच्या दातावर सिमेंट किंवा कॅप असेल तर ती पांढरी होत नाही. जेल फक्त खऱ्या दातावर काम करतं. म्हणजे बाजूचे दात उजळले की जुनी कॅप आणि जुनं सिमेंट पिवळं दिसणार, ते बदलायचा खर्च आधीच मनात धरा.

खुर्चीत बसल्यावर काय काय होतं

पोटभर जेवून या, कारण नंतर एक-दीड तास तोंड उघडं ठेवून बसायचंय आणि त्यानंतर खायला बंधनं आहेत. लिपस्टिक लावून येऊ नका.

पहिलं काम म्हणजे शेड बघणं. आमच्याकडं दातांच्या रंगाच्या सोळा पट्ट्यांची एक शेड गाइड असते, विटा क्लासिकल म्हणतात, त्यात उजळ ते गडद असा क्रम लावला तर पहिला बी१ आणि शेवटचा सी४. तुमच्या दाताला पट्टी लावून फोटो काढतात. हा फोटो स्वतःच्या मोबाइलवरही काढून घ्या, त्याच लाइटमध्ये, कारण आठ दिवसांनी माणूस आपला आधीचा रंग विसरतो आणि म्हणतो काहीच झालं नाही. तुम्ही ए३ किंवा ए३.५ (गडदाकडच्या पट्ट्या) वरून सुरू केलं तर फरक डोळ्याला दिसतो. ए१ (उजळाकडून दुसरी पट्टी) असलेल्या माणसाला अजून पांढरं पाहिजे असेल तर त्याला सांगावं लागतं की दादा, यात जागाच उरली नाही.

मग ओठांना व्हॅसलिन. ओठ-गाल बाजूला ठेवायला प्लास्टिकचं रिट्रॅक्टर घालतात, आरशात बघू नका, हसू येतं. डोळ्यांवर गॉगल. दात कोरडे करून हिरडीच्या कडेला निळसर किंवा हिरवट लिक्विड लावतात आणि लाइट मारून ते कडक करतात, त्याची हिरडीवर एक बारीक भिंत तयार होते. सगळ्या ट्रीटमेंटमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे असं माझं मत, आणि डॉक्टर चांगला का घाईचा हे इथंच कळतं. एका दाताजवळ जरी फट राहिली तरी जेल तिथून हिरडीवर उतरतं आणि हिरडी पांढरी पडून झोंबायला लागते. झालंच तर घाबरू नका, जेल पुसून तिथं औषध लावतात, पांढरेपणा बहुतेक वेळा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जातो, पण झोंबायला लागलं की त्याच क्षणी हात वर करायचा. लोक काय करतात, सहन करतात. पैसे दिलेत म्हणून सहन करत बसायची गरज नाही.

मग जेल. हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लिनिकात साधारण २५ ते ४० टक्क्यांचं. फिलिप्स झूमचं २५, पोला ऑफिसचं ३५, ओपलेसन्स बूस्टचं ४० टक्के. बऱ्याच कंपन्यांचं जेल ऐनवेळी दोन सिरिंज जोडून इकडून तिकडं ढकलून मिसळतात, मग दातांवर पसरतात, त्यात बारीक बुडबुडे येताना दिसतात. पेरॉक्साइडचा कण एवढा छोटा असतो की तो इनॅमलमधून आरपार डेंटिनपर्यंत जातो, तिथं रंगाचे जे मोठे कण असतात त्यांचे तुकडे करतो, आणि तुकडे झालेला रंग डोळ्याला फिका दिसतो. म्हणजे दात घासून पातळ केला जात नाही, "इनॅमल काढून टाकतात" हे जे गावभर झालंय ते खरं नाही. कंपनीप्रमाणे कुठल्या जेलला आठ मिनिटांची फेरी, कुठल्याला पंधरा, कुठल्याला वीस, अशा दोन-तीन-चार फेऱ्या. फेरी संपली की जेल सक्शननं ओढून, पुसून नवीन लावतात.

यात मधूनच एखाद्या दातात सणकन कळ जाते. एक सेकंद, मग काही नाही, मग परत. हे पेरॉक्साइड काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतं म्हणून होतं. थोडी कळ चालते, सलग ठणकायला लागलं तर सांगा, फेरी कमी करता येते.

आता त्या निळ्या लाइटचं. लोकांना वाटतं लाइटनंच दात पांढरे होतात, "लेझर करता का" म्हणून विचारतात. काम करतं ते जेल. आजकालच्या कडक जेलला लाइट लावला काय आणि नाही लावला काय, शेवटच्या रंगात फारसा फरक राहत नाही असंच बऱ्याच अभ्यासांत निघालंय, उलट काहींना लाइटनं सेन्सिटिव्हिटी जास्त होते. आमच्याकडं मशीन आहे तरी सांगते, फक्त लाइटसाठी पाच हजार जास्त मागत असतील तर ते पैसे वाचवा.

उठल्यावर जो रंग दिसतो तो शेवटचा नाही

हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण चार दिवसांनी फोन करतो की रंग परत उतरला. तासभर तोंड उघडं आणि दात कोरडे, त्यामुळं दातातला ओलावा उडतो आणि दात जास्तच पांढरा दिसतो. ओली शहाबादी फरशी वाळल्यावर फिकी दिसते तसंच. लाळेत भिजून ओलावा परत आला की रंग थोडा खाली येतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी जो दिसेल तो तुमचा खरा रंग. म्हणून खुर्चीतून उठता उठता काढलेला आधी-नंतरचा फोटो, जो सगळी क्लिनिकं स्टेटसला टाकतात, तो बघून अपेक्षा ठेवू नका. दोन आठवड्यांनंतरचा फोटो असेल तर दाखवा म्हणा.

एका सिटिंगमध्ये बऱ्याच जणांचं समाधान होतं, पण ज्यांचा रंग गडद आहे त्यांना दोन किंवा तीन लागतात, मध्ये किमान आठवडाभर सोडून. एकाच दिवशी जास्त फेऱ्या मारून काम उरकायचं म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आणि घरी ट्रे लावून करायची पद्धत कमी प्रतीची आहे असं समजू नका. ती १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोघांनी छापली तेव्हापासून चालत आलीय. तुमच्या दातांचं माप घेऊन मऊ ट्रे बनवतात, त्यात १० टक्क्यांच्या आसपासचं कार्बामाइड पेरॉक्साइड जेल घालून रात्री लावायचं, दोन-तीन आठवडे. दहा टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणून कळ कमी येते. शेवटी येणारा रंग दोन्ही पद्धतींत जवळपास सारखा. क्लिनिकमधल्याचा फायदा वेळेचा, आणि रोज ट्रे लावायची शिस्त ज्यांना जमत नाही त्यांचा. मला विचाराल तर ज्याला घाई नाही त्यानं ट्रेच घ्यावा. पण आमच्याकडं येणाऱ्याला घाई नसते असं होतच नाही.

पहिले दोन दिवस

त्या रात्री गार पाणी, आइस्क्रीम नको. कळ येणार, ती साधारण एक-दोन दिवसांत जाते. जास्तच असेल तर डॉक्टरांना फोन करून गोळी विचारा, मनानं घेऊ नका. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट चालू ठेवा, ती बोटानं दातांवर लावून काही मिनिटं ठेवली तरी बरं वाटतं.

खाण्याचं सोपं करून सांगते कारण पुण्या-मुंबईचे लोक "व्हाइट डाएट" म्हणून चिकन ब्रेस्ट आणि पास्ता सांगतात. आपल्याकडं: ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, दहीभात, साधा भात-तूप, मिरची कमी घालून साबुदाण्याची खिचडी, इडली सांबाराशिवाय, केळी, सीताफळाचा सीझन असेल तर सीताफळ. नको काय तर हळदीची कुठलीही भाजी, येसर, लाल चटणी, लोणचं, बीट, काळा चहा, कॉफी, कोल्ड्रिंक. लिंबू-चिंचेचं आंबटही नको, दात आधीच आंबलेले असतात. आता खरं सांगायचं तर या पथ्यानं शेवटच्या रंगात फार फरक पडत नाही असंही काही अभ्यासांत निघालंय, पण दोन दिवस हळद टाळण्यात आपलं काय जातंय. चहा मात्र सुटत नाही लोकांना, त्यांना मी म्हणते दुधाचा फिका करा, कोमट करून प्या, वरून चूळ भरा.

तंबाखू, गुटखा, सिगारेट या दोन दिवसांत अजिबात नको. "दोनच दिवस ना ताई" असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं.

दुकानातून मनानं माउथवॉश आणू नका. क्लोरहेक्सिडिनवाला रोज वापरला तर त्यानंच दातांवर तपकिरी डाग पडतात, तो डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस.

किती टिकतं आणि नंतर काय

कायमचं नाही. साधारण वर्ष ते तीन वर्षं, माणसावर आहे. दिवसाला पाच-सहा कप चहा आणि वर तंबाखू असेल तर काही महिन्यांतच ओसरायला लागतं. टिकवायचं असेल तर वर्षातून एकदा-दोनदा साफसफाई आणि गरज वाटली तर घरच्या ट्रेनं तीन-चार रात्री टचअप, हे परत अख्खी ट्रीटमेंट घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

कोळशाची पेस्ट, लिंबू आणि खायचा सोडा, मिठानं घासणं, हे बंद. कोळसा आणि मीठ खरखरीत, रोज घासून इनॅमल झिजतं, मग आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसतं, म्हणजे पांढरे करायला जाऊन पिवळे. लिंबाचं ॲसिड तर इनॅमल विरघळवतंच. राखुंडीनं आयुष्यभर घासलेल्या म्हाताऱ्यांचे दात हिरडीजवळ खाचा पडलेले बघितले की कळतं.

समोरचं जुनं सिमेंट किंवा कॅप बदलायची असेल तर व्हाइटनिंगनंतर लगेच नाही, दोन आठवड्यांनी. एक तर रंग स्थिर झालेला असतो, आणि दुसरं म्हणजे दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळं नवीन सिमेंट लगेच नीट चिकटत नाही. नवीन रंगाची पट्टी लावून मगच मॅच करतात.

खर्चाचं थोडक्यात. गावागावात आणि जेलच्या कंपनीप्रमाणे लई फरक, काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत ऐकायला मिळतं. हे दिसण्यासाठीचं काम धरलं जातं म्हणून मेडिक्लेममध्ये बहुतेक वेळा बसत नाही. पॅकेज सांगितलं तर त्यात तपासणी, स्केलिंग, किती सिटिंग, ट्रे आणि सेन्सिटिव्हिटीची पेस्ट यातलं काय काय आहे ते आधी विचारा. फार स्वस्त असेल तर जेलचा बॉक्स आणि एक्स्पायरी डेट दाखवा म्हणायला लाजू नका, पेरॉक्साइड जुनं झालं की त्याचा जोर जातो आणि मग तासभर तोंड उघडं ठेवून काहीच होत नाही. पावतीवर जेलचं नाव, टक्के, किती फेऱ्या मारल्या आणि आधीची-नंतरची शेड लिहून घ्या, उद्या नोकरीनिमित्त पुण्याला गेलात आणि तिथं टचअप करायचं म्हटलं तर तिथल्या डॉक्टरला नव्यानं अंदाज बांधत बसावं लागत नाही.